तिघांतलं एक नाव

दार उघडून हत्तुरे साहेब आत आले, तेव्हा मी मांडीवरच्या फॉर्ममध्ये 'सध्याची नोकरी सोडण्याचे कारण' या ओळीपाशी अडले होते.

त्यांनी आधी मला पाहिलंच नाही. टेबलामागच्या मुलीला नाव सांगितलं, तिने दिलेला फॉर्म घेतला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बसायला जागा शोधत मान वळवली. खोलीत तीनच माणसं होती. त्यातली एक मी.

ते होते तिथेच उभे राहिले. मी सवयीने उठले.

"तडवळकर बाई," ते म्हणाले.

"साहेब."

नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा कारखाना होता आणि त्याच्या हिशेब विभागात आम्ही तिघं होतो. हत्तुरे साहेब मुख्य, त्यांच्या खाली मी, आणि रोकड सांभाळणारा इक्बाल. आदल्या दिवशी मी नणंदेच्या मुलीच्या बारशाला बार्शीला जायचं म्हणून रजा मागितली होती, आणि हत्तुरे साहेबांनी अर्जावर सही केली होती. त्याच दुपारी त्यांनी स्वतः आमच्या मालकांना, व्यंकटेश शेठना सांगितलं होतं की पुतण्याच्या जमिनीचं खरेदीखत आहे, साक्षीदार म्हणून गुलबर्ग्याला जावं लागेल. आणि आता आम्ही दोघंही पुण्यात, भोसरीच्या एका खोकी बनवणाऱ्या कंपनीत, एकाच जागेच्या मुलाखतीला समोरासमोर उभे होतो.

ते येऊन माझ्याच रांगेत बसले. मधली एक खुर्ची सोडून.

"बारसं झालं?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"नाही अजून. तुमचं खरेदीखत?"

"व्हायचंय."

मग त्यांना हसू आलं. ते फार कमी हसत. हसले की खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. मलाही हसू आवरेना. पलीकडे बसलेला टायवाला मुलगा आमच्याकडे बघायला लागला.

"कुठल्या गाडीने आलात?" मी विचारलं.

"हुतात्मा."

"मीपण. कुठल्या डब्यात होतात?"

"शेवटच्या. तुम्ही पुढे असणार. घाईचा माणूस पुढे बसतो." त्यांनी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी परत जाऊ का, बाई? तुम्ही आधी आलाय."

"असं कसं? एवढ्या लांब आलात."

"एकच जागा आहे."

"माहीत आहे मला."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि सावकाश, वळणदार अक्षरात भरायला लागले. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. नोकरी सोडण्याच्या कारणापाशी ते अडले नाहीत. काहीतरी दोन शब्द लिहून पुढे गेले.

माझं कारण सांगण्यासारखं होतं. माझे यजमान औषधांच्या कंपनीत होते आणि त्यांची बदली पुण्याला झालेली होती. वर्षभर ते कोथरूडात दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होते आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येत होते. आमची ऋजुता चौथीत होती. बाबा आले की पहिला तासभर ती त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलायची. मला पुण्यात नोकरी मिळाली की आम्ही सगळे एका घरात येणार होतो. पण सी.ए.ची परीक्षा अर्धवट सोडलेल्या, तेहतीस वर्षांच्या बाईला पुण्यात कोण बोलावतंय? त्याआधी पाच ठिकाणी अर्ज करून झाले होते. ही पहिली मुलाखत.

हत्तुरे साहेब एक्कावन्नचे होते. चोवीस वर्षं एकाच कारखान्यात. रेल्वे लाईन्स भागात स्वतःचं घर, मुलीचं लग्न झालेलं, मुलगा पॉलिटेक्निकला. त्यांना नोकरी बदलायचं काय कारण, ते माझ्या लक्षात येईना.

माझं नाव पुकारलं गेलं.

आत देवस्थळी नावाच्या बाई होत्या. कंपनीच्या सगळ्या आर्थिक व्यवहाराच्या त्या प्रमुख. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. त्यांच्या शेजारी कंपनीच्या नोकरभरती विभागाचा एक अधिकारी नुसता बसून होता. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच झाले. मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बाहेर हत्तुरे म्हणून बसलेत. तुमच्याच कारखान्यातले?"

"हो. माझे साहेब आहेत ते."

"तुम्ही ठरवून आलात?"

"नाही. इथेच भेटलो."

त्या अधिकाऱ्याला हसू आलं. देवस्थळी बाई हसल्या नाहीत.

"तुमच्या बायोडेटात लिहिलंय की निर्यातीच्या ड्रॉबॅकचं काम तुम्ही बसवलं. त्यांच्याही बायोडेटात तेच लिहिलंय. मग ते नक्की कोणाचं?"

परदेशी पाठवलेल्या मालावर भरलेला कर सरकारकडून परत मिळतो, त्याला ड्रॉबॅक म्हणतात. आमच्या कारखान्यात ते दावे वर्ष वर्ष रखडायचे. बंदरातून माल पाठवणाऱ्या एजंटाकडून कागद येत नसत, आले तर अर्धे येत. मी दर आठवड्याला त्याच्या मागे लागून कागद मागवायची पद्धत पाडली, तेव्हापासून पैसे वेळेवर यायला लागले होते. हत्तुरे साहेबांनी मला त्यासाठी मोकळीक दिली, शेठसमोर माझी बाजू घेतली आणि प्रत्येक दावा सही करण्यापूर्वी तपासला. एवढं सगळं सांगत बसावं की नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"काम मी करते," मी म्हणाले. "सही ते करतात. चुकलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं."

"म्हणजे तुमचं."

"काम माझं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर आले तर हत्तुरे साहेब उठून उभे. त्यांनी मला काही विचारलं नाही. रुमालाने चष्म्याची काच पुसली आणि आत गेले. मी थांबायचं कारण नव्हतं, पण परतीची गाडी एकच होती, म्हणून थांबले. ते बराच वेळ आत होते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तो टायवाला मुलगा कंटाळून दोनदा पाणी पिऊन आला. मला वाटलं, झालं, जागा त्यांना मिळाली. इतका वेळ उगाच कोणी बोलत नाही.

ते बाहेर आले ते नेहमीच्याच चेहऱ्याने. "चला," म्हणाले, "गाडी गाठायची ना."

संध्याकाळच्या हुतात्माला आम्ही एकाच डब्यात बसलो. दौंडपर्यंत ते पेपर वाचत होते. मला राहवेना.

"साहेब, काय झालं आत?"

"आपण एकमेकांना ते विचारायचं नाही, बाई. विचारलं की उद्या ऑफिसात एकमेकांचं तोंड बघताना तेच आठवत राहील."

"बरं."

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं. अंधारत आलं होतं. पाण्यात मेलेल्या झाडांची खोडं उभी होती. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"एवढं तरी सांगा," मी म्हणाले, "तुम्हाला सोलापूर का सोडायचंय?"

"चोवीस वर्षं झाली की. कंटाळा येतो."

त्यांना कंटाळा आलेला मी कधी पाहिला नव्हता. जुळत नसलेली रक्कम शोधायची असली की हा माणूस जेवायचं विसरायचा. 

कुर्डुवाडी आल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला मिळाली तर घ्या. माझ्यासाठी थांबू नका, की साहेबांना काय वाटेल असलं काही मनात आणू नका."

"तुम्हाला मिळाली तर?"

"तर तुम्ही माझ्या खुर्चीवर बसाल. दोन्हीकडून तुमचं बरंच आहे."

तेव्हा मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या इक्बालने विचारलं, "मॅडम, बारसं झालं की? नाव काय ठेवलं?"

"श्रेया," मी म्हणाले.

"साहेब, तुमचं खरेदीखत?"

"झालं," हत्तुरे साहेब म्हणाले आणि मान खाली घालून कामाला लागले. दुपारी डबा खाताना इक्बालने पुन्हा बाळाचा विषय काढला आणि मी श्रुती म्हणून गेले. "सकाळी श्रेया म्हणालात की," तो म्हणाला. मी म्हटलं, दोन नावं ठेवलीत. हत्तुरे साहेबांना ठसका लागला.

त्यानंतर दोनेक आठवडे काही घडलं नाही. व्यंकटेश शेठच्या केबिनमध्ये मात्र कॉम्प्युटरवाली माणसं यायला लागली होती. एप्रिलपासून हिशेबाचं नवं पॅकेज बसवायचं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इक्बाल संध्याकाळी क्लासला जाऊन ते शिकत होता. शेठ हत्तुरे साहेबांना रोज आत बोलवायचे. ते बाहेर आले की टेबलावरच्या वस्तू उगाच सरळ करून ठेवायचे, पेनं, स्टेपलर, शिक्क्याचं पॅड. मार्च महिना, हिशेब बंद करायची धांदल, त्यामुळे मी फार लक्ष दिलं नाही.

आमच्या विभागात एकच फोन होता आणि तो हत्तुरे साहेबांच्या टेबलावर असायचा. एका सकाळी तो वाजला. इक्बाल बँकेत गेला होता.

"हत्तुरे बोलतोय," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. "हो. आहेत. इथेच आहेत. देतो." त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. "पुण्याहून."

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. तार तोकडी होती, त्यामुळे मला त्यांच्याजवळच उभं राहावं लागलं. पलीकडून भोसरीचा तो नोकरभरती विभागाचा अधिकारी बोलत होता. निवड झाली होती. पगार सांगितला. एक एप्रिलला हजर व्हायचं होतं. हत्तुरे साहेब समोरच्या व्हाउचरांवर एकामागून एक बरोबरच्या खुणा करत होते. मी नुसतं हो, हो म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या नक्की कळवते."

फोन ठेवला.

"उद्या कशाला?" ते वर न बघता म्हणाले. "आजच कळवा. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बूथवरून करा."

"साहेब, मला—"

"अभिनंदन, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळाने तेच माझ्या टेबलापाशी आले. असं ते कधी करत नसत, काम असलं तर हाक मारायचे.

"राजीनामा लिहिला नाही ना अजून?"

"आत्ताच तर फोन आला."

"लिहू नका. सोमवारपर्यंत थांबा."

"पण महिन्याची नोटीस द्यावी लागते. एक तारखेला जायचंय. आधीच दिवस कमी आहेत."

"माझं ऐका. सोमवारपर्यंत कोणाला काही बोलू नका. घरी सांगा, इथे नको."

"पण का?"

"सोमवारी कळेल."

ते चार दिवस मला फार वाईट गेले. यजमानांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, तो माणूस स्वतः त्याच जागेला आला होता. तुझी अडवणूक करणार नाही तर काय करणार? नोटिशीचं कारण काढतील आणि एप्रिलअखेरपर्यंत सोडणार नाहीत. तोवर ती कंपनी दुसरं कोणीतरी बघेल." मला त्यात तथ्य वाटलं. मार्चअखेरचे हिशेब बंद करायला मीच नसले तर सगळा भार साहेबांवर पडणार होता. शनिवारी मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. पण नऊ वर्षांत या माणसाने मला एकदाही चुकीचं सांगितलेलं नव्हतं. मी तो बाहेर काढला नाही.

सोमवारी जेवणानंतर व्यंकटेश शेठनी मला बोलावलं.

शेठ चाळीशीचे, माझ्याहून फार मोठे नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि टॉवेलच्या धंद्याचं कसं कठीण झालंय ते सांगायला लागले. चीनचा माल, सुताचे भाव, विजेचं बिल. मी ऐकत होते. मला वाटलं, यांना कुठूनतरी कळलंय आणि आता थांबायला सांगणार.

"आणि आता हे पॅकेज," ते म्हणाले. "तिघांचं काम दोघांत होतंय, मॅडम. हत्तुरेंना मी दिवाळीपासून म्हणतोय, एक नाव द्या. कोणाला कमी करायचं ते तुम्ही ठरवा, विभाग तुमचा आहे. ते आज देतो, उद्या देतो करत होते. शेवटी शुक्रवारी दिलं." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तुमचं नाव दिलंय त्यांनी."

मी ग्लास हातात घेतला. 

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. मिस्टर पुण्याला असतात, तुम्ही आज ना उद्या जाणारच, असं त्यांचं म्हणणं. चार महिन्यांचा पगार देतोय आपण. नोटीस वगैरे काही नको. महिनाअखेरीला मोकळ्या. प्रमाणपत्र चांगलं लिहून देतो."

मी उठले, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. हत्तुरे साहेब टेबलाशी बसले होते. इक्बाल क्लासच्या पुस्तकातून काहीतरी उतरवून घेत होता. साहेबांनी त्याला चहा सांगायला पाठवलं.

"तुम्ही माझं नाव दिलंत," मी म्हणाले.

"दिलं."

"मी तर जाणारच होते."

"म्हणूनच दिलं." ते खालच्या आवाजात बोलत होते. "राजीनामा दिला असता तर रिकाम्या हाताने गेला असता, वर महिनाभर इथेच अडकला असता. आता चार महिन्यांचा पगार मिळेल. पुण्यात घर घ्यायचं तर डिपॉझिट मागतात."

"शेठना माहीत आहे, मला नोकरी मिळालीय ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी सांगितलं नाही."

चोवीस वर्षांत त्यांनी शेठपासून काही लपवून ठेवलं असेल तर ती पुण्याची मुलाखत आणि हे, एवढंच, असं मला वाटतं. ते सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"मला तरी आधी सांगायचं ना," मी म्हणाले. "चार दिवस काय काय विचार केले मी."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. त्या बाळाचं नाव तुम्ही दुपारपर्यंत बदललंत. शेठच्या समोर गेला असता आणि हसला असता."

इक्बाल चहा घेऊन आला. आम्ही तिघांनी तो घेतला. मला वाटलं, गोष्ट इथे संपली. एका सज्जन माणसाने जाता जाता माझं भलं केलं. तेवढंच डोक्यात घेऊन मी पुण्याला आले.

भोसरीत काम भरपूर होतं आणि देवस्थळी मॅडमच्या हाताखाली ते चुकवता यायचं नाही. तीन वर्षांत मी तिथल्या हिशेब विभागाची प्रमुख झाले. आम्ही कर्वेनगरात घर घेतलं. ऋजुता सातवीत गेली आणि बाबांशी भांडायला लागली. हत्तुरे साहेबांना दर दिवाळीला फोन व्हायचा. इक्बालने पॅकेज उत्तम सांभाळलं होतं, त्याचं लग्नही झालं.

तिसऱ्या वर्षी आमच्या कंपनीने चाकणचा कारखाना घेतला. तिथले हिशेबनीस इकडे आले आणि एकाच कामाला दुप्पट माणसं झाली. देवस्थळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दोन माणसं कमी करायची आहेत. शुक्रवारपर्यंत नावं द्या."

"थोडा वेळ मिळेल का? बाकीच्या विभागांत कोणाला सामावून घेता येतं का ते बघते."

"बघून झालंय. जागा नाही."

"मग मी—"

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचे ते साहेब. हत्तुरे. आठवतात?"

मी चमकले. तीन वर्षांत त्यांनी ते नाव एकदाही काढलं नव्हतं.

"त्यांना मी पाच मिनिटांत परत पाठवणार होते. वय जास्त होतं. ड्रॉबॅकचं विचारलं, तर म्हणाले, काम तडवळकर बाईंचं आहे, मी तपासतो आणि सही करतो. तुमच्या बायोडेटात मग तसं का लिहिलंय, तर म्हणाले, बायोडेटा मुलाने टाईप केला, मी नीट वाचला नाही. ते मला पटलं नाही, पण आवडलं. मग विचारलं, चोवीस वर्षांनी का सोडताय? त्याचं उत्तर द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला."

 टेबलावरचा पेपरवेट त्यांनी बाजूला सरकवला.

"म्हणाले, आमच्या इथे तिघांतला एक कमी करायचाय आणि नाव मी द्यायचंय. एक तरुण मुलगा आहे, घरात मिळवणारा तो एकटाच. दुसऱ्या या बाई, अर्धं काम त्यांच्या डोक्यावर चालतं. दोघांपैकी कोणाचंही नाव माझ्याने लिहवत नाही. माझंच द्यावं तर घरी काय सांगू? म्हणून म्हटलं, बाहेर नोकरी मिळाली तर मीच निघून जाईन, म्हणजे प्रश्न मिटला. मी विचारलं, त्या बाई म्हणजे आत्ता बाहेर बसलेल्या का? हो म्हणाले. त्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांना कळू देऊ नका."

मला गाडीतलं त्यांचं बोलणं आठवलं. तुम्हाला मिळाली तर घ्या. मला मिळाली तर तुम्ही माझ्या खुर्चीवर बसाल. दोन्हीकडून तुमचं बरंच.

"मग त्यांना का नाही घेतलं?" मी विचारलं.

"वय हे एक कारण. पण वयाकडे मी काणाडोळा केला असता." मॅडमनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "माणूस फार चांगला. पण नाव द्यायची वेळ आली की तो उठून जाणार. मला बसून राहणारं माणूस हवं होतं. तुम्हाला तोच प्रश्न विचारला, तर तुमचा साहेब दाराबाहेर बसलेला असताना तुम्ही म्हणालात, काम मी करते. मी विचारलं, म्हणजे तुमचं? तुम्ही म्हणालात, काम माझं. ते आठवलं आणि मी ठरवलं."

तीन वर्षं मी समजत होते की मला घेतलं ते ड्रॉबॅकच्या कामामुळे.

"शुक्रवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि पत्रं हातात पडेपर्यंत कोणालाही कळता कामा नये."

मी नावं दिली. चाकणहून आलेले एक पंडित म्हणून होते, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, त्यांचं सगळं काम आता यंत्र करत होतं. आणि नुकतीच लागलेली एक मुलगी, अश्लेषा, हुशार होती, दुसरीकडे तिला सहज मिळालं असतं. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवण्याच्या आदल्या दिवशी मी दोघांनाही एकेक करून समोर बसवलं आणि सांगितलं. पुढच्या आठवड्यात पत्र येईल, तोवर बाहेर चौकशी सुरू करा, मी शब्द टाकते. पंडितांनी आधी दोनदा विचारलं, नक्की मीच का. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. अश्लेषा सगळं ऐकून घेऊन उठली, खुर्ची जागेवर सारली आणि निघून गेली. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. आधी सांगितलं म्हणून मॅडमनी मला चांगलंच सुनावलं. ते मला अपेक्षितच होतं.

शनिवारी दुपारी मी सोलापूरला फोन लावला. दिवाळी नव्हती, काही नव्हतं.

"हत्तुरे बोलतोय."

"साहेब, मी तडवळकर."

"बोला, बाई. आज कसा काय फोन?"

"देवस्थळी मॅडमनी मला सांगितलं. तुम्ही मुलाखतीत काय बोललात ते."

पलीकडून माग चालल्याचा आवाज येत होता. त्यांच्या खोलीची खिडकी त्या बाजूला होती.

"सांगू नका म्हटलं होतं मी त्यांना," ते शेवटी म्हणाले.

"मलाही नावं द्यावी लागली, साहेब. दोन. काल दिली."

"त्या दोघांना कळलंय?"

"मी आधी सांगितलं. समोर बसवून."

"काय म्हणाले?"

"एक जण रडले. दुसरी उठून गेली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"मला ते जमलं नसतं," ते म्हणाले.

त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते त्यांच्या आवाजावरून कळेना, आणि मी विचारलं नाही. कोणीतरी त्यांच्या टेबलापाशी आलं असावं; त्याला त्यांनी थांब म्हणून सांगितलं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"अडीच वाजून गेले, बाई. आधी जेवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.